पाऊस उघडतो, ताप उतरतो. इंग्रजीत मग काय काय होतं?

मिरजेत परिचारिकांना इंग्रजी शिकवायला लागून मला २६ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एका ताईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्या ओईटीची तयारी करताहेत, म्हणजे परदेशात काम करू इच्छिणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना द्यावी लागते ती इंग्रजीची परीक्षा. पानावर एकाखाली एक क्रियापदं होती: ‘डाय डाउन’, ‘वेअर ऑफ’, ‘ईझ ऑफ’, ‘लेट अप’, ‘टेपर ऑफ’, ‘वाइंड डाउन’, ‘कूल ऑफ’, ‘लेव्हल ऑफ’. प्रत्येकापुढे एकच अर्थ होता: कमी होणे. पहिल्या दोन ओळींत तो नीट लिहिलेला, पुढे नुसत्या ‘–,,–’ अशा खुणा. खाली प्रश्न: “सर, सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर एकच पाठ केलं तर चालेल का? आणि एकच नसेल तर फरक कसा ओळखायचा? सोबत पाच वाक्यं केली आहेत, ती तपासून द्या.”

ताई, एकावर भागणार नाही. पण फरक ओळखायला तुम्हाला नवीन काही शिकावं लागेल असंही मला वाटत नाही, कारण तुम्ही घरात तो रोज करता. पावसाचं बघा. तो ‘कमी होतो’ असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा म्हणतो की पाऊस उघडला, जोर ओसरला. ताप उतरतो, वारा पडतो, पूर ओसरतो, भूल उतरते, राग निवळतो, उत्साह मावळतो, वेग मंदावतो, चर्चा थंडावते, आवाज विरत जातो. वारा उतरला किंवा राग पडला असं तुमच्या तोंडून झोपेतही येणार नाही. हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही. वाऱ्याला कुठलं क्रियापद चालतं ते वाऱ्याबरोबरच तुमच्या कानात बसलं. इंग्रजीतही नेमकं हेच आहे. म्हणून ‘डाय डाउन म्हणजे काय’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘डाय डाउन काय काय होतं’ हे विचारा. क्रियापदापुढे मराठी अर्थ लिहिण्याऐवजी त्याच्या आधी येणारी नामं लिहा. वहीचं ते पान पुन्हा करायचं म्हटलं तर मी तेवढाच एक बदल करीन.

आणि घोटाळा होतोय म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा इंग्रजी कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने मान्य केलंय की क्रियापदाला मागून एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही जी इंग्रजीची खोड आहे, तिचा परक्या माणसांना सगळ्यांत जास्त त्रास होतो. तेव्हा या प्रकाराला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नावसुद्धा नव्हतं. ते रूढ झालं १९२५च्या सुमारास, लोगन पीअरसॉल स्मिथ या लेखकामुळे. म्हणजे त्रास आधीपासून होता, नाव नंतर मिळालं.

माझ्या स्वतःच्या फजितीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा पक्का बसेल. बऱ्याच वर्षांपूर्वी काही महिन्यांसाठी इंग्लंडात होतो. दाढ दुखायला लागली, दंतवैद्याकडे गेलो. त्याने हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं, मध्येच दुसऱ्या पेशंटकडे जाऊन आला आणि विचारलं, “हॅज इट वोर्न ऑफ?” मला वाटलं दुखणं गेलं का विचारतोय. दाढ तर छान बधिर होती. मी जोरात मान हलवली, “यस, यस.” त्याने शांतपणे दुसरी सुई टोचली. तो भुलीबद्दल विचारत होता: उतरली का? मी दुखण्याबद्दल उत्तर देत होतो. संध्याकाळपर्यंत माझ्या अर्ध्या तोंडातून चहा गळत होता. क्रियापदाचा अर्थ मला बरोबर माहीत होता, बरं का. त्या ‘इट’च्या जागी कोण बसलंय, तेवढंच कळलं नव्हतं.

‘वेअर ऑफ’ तुमच्या कामात रोज लागणार, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ‘वेअर’ म्हणजे झिजणं. जिन्याची पायरी पावलांनी झिजते, तसा एखाद्या गोष्टीचा परिणाम वेळेने झिजतो. म्हणजे आधी बाहेरून काहीतरी अंगात किंवा मनात आलेलं असतं: औषध, भूल, दारू, धक्का, नवलाई. ते हळूहळू निघून जातं. ‘द अनेस्थेटिक इज वेअरिंग ऑफ’, भूल उतरतेय. ‘द नॉव्हेल्टी वोर ऑफ’, नव्याचे नऊ दिवस संपले. दुखण्यालाही हे चालतं, ‘द पेन विल वेअर ऑफ’ असं लोक म्हणतात. पण मग बघा काय होतं: ‘द पेन हॅज वोर्न ऑफ’ म्हणजे पेशंटला बरं वाटतंय, आणि ‘द पेनकिलर हॅज वोर्न ऑफ’ म्हणजे पेशंट विव्हळतोय, पुढचा डोस द्या. ड्यूटी बदलताना दुसऱ्या परिचारिकेला निरोप देताना हे दोन शब्द अदलाबदल झाले तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. पार्किन्सनच्या रुग्णांत लेव्होडोपा या औषधाचा परिणाम पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच संपायला लागतो आणि थरथर, ताठरपणा परत येतो. त्याला डॉक्टरमंडळी ‘वेअरिंग ऑफ’ असंच म्हणतात, केसपेपरवरही तसंच लिहितात. तिथे ‘वेअरिंग ऑफ’ ही तक्रार असते, सुधारणा नव्हे.

दुसरं तुमच्या उपयोगाचं ‘टेपर ऑफ’. ‘टेपर’ म्हणजे मुळात बारीक मेणबत्ती, बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली. तो आकार डोळ्यांपुढे ठेवा. यात कमी होणं टप्प्याटप्प्याने असतं आणि बहुतेक वेळा कोणीतरी ठरवून केलेलं असतं. स्टिरॉइड काही आठवडे दिल्यावर एकदम बंद करत नाहीत, कारण बाहेरून औषध येतंय म्हटल्यावर शरीरात स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी आपलं काम मंद केलेलं असतं. त्यांना जागं व्हायला वेळ द्यायचा, म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा. ‘टेपर ऑफ द डोस’. इथे ‘कट ऑफ’ लिहिलंत तर अर्थ थेट उलटा होईल, कारण ‘कट ऑफ’मध्ये कुऱ्हाडच पडते.

हा शब्द आपल्या पैशांच्या बातम्यांतही एकदा जोरात गाजला. अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर महिन्याला ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. ही खरेदी आपण हळूहळू कमी करू शकतो, असं तिचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्के मे २०१३मध्ये तिथल्या संसदेसमोर बोलले. नुसतं बोलले, तर जगभरच्या बाजारांनी आदळआपट केली. डॉलरला ५५-५६ रुपये पडत होते, ते २८ ऑगस्टला ६८च्या वर गेले. प्रत्यक्षात खरेदी घटायला लागली जानेवारी २०१४पासून, सुरुवातीला १० अब्जांनी, आणि ऑक्टोबर २०१४मध्ये ती थांबली. आठवून बघा, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतसुद्धा ‘टेपरिंग’ हाच शब्द छापून येत होता. मोठी रक्कम असो की प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी, आकार त्या मेणबत्तीचाच.

आता पाऊस. इथे इंग्रज आणि कोकणातला माणूस दोघेही तज्ज्ञ, त्यामुळे शब्दही भरपूर. ‘ईझ ऑफ’ म्हणजे जोर ओसरणं. पाऊस पडतोच आहे, पण सर हलकी झालीय, छत्री घेऊन निघता येईल. ‘ईझ’ हा शब्द शिडाच्या जहाजांवरही होता आणि आहे. ताणलेला दोर जरा सैल सोडायचा म्हणजे ‘ईझ’ करायचा. ताण सैल होणं ही कल्पना लक्षात ठेवलीत की दुखणं, दबाव, रहदारी, पाऊस हे सगळे ‘ईझ ऑफ’ का होतात ते कळेल. आणि ‘ईझ अप’? पावसाच्या बाबतीत अर्थ तोच. पण माणसाबद्दल असेल तर ‘ईझ अप ऑन हर’, म्हणजे तिच्याशी जरा सबुरीने घ्या, इतकं धारेवर धरू नका. हे वाक्य मी शिकवतो तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलींना आपापली वॉर्ड-सिस्टर आठवते.

‘लेट अप’ मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: उघडीप. आणि उघडीप जशी बहुतेक वेळा ‘मिळत नाही’, तसंच ‘लेट अप’ बहुतेक वेळा नकारात येतं. ‘द रेन डिडन्ट लेट अप ऑल वीक’, आठवडाभर पावसाने उघडीप दिली नाही. ‘देअर वॉज नो लेट-अप’, उसंतच नव्हती. होकारार्थी चालत नाही असं नाही, पण तिथेही बहुधा ‘इफ’ किंवा ‘व्हेन’ची सोबत लागते: उघडीप मिळाली तर निघू. उघडीप हा शब्द जीभेवर असणाऱ्या माणसाला ‘लेट अप’ वेगळं समजावून सांगावं लागू नये. तरी आपली मुलं ‘लेट डाउन’ लिहितात, कारण कमी होणं म्हणजे खाली जाणं हे डोक्यात पक्कं असतं. ‘लेट डाउन’ म्हणजे ऐनवेळी एखाद्याला तोंडघशी पाडणं. पाऊस तेही करतो, पण तो वेगळा विषय.

‘डाय डाउन’चं मूळ चित्र चुलीतल्या जाळाचं आहे. भडकलेला जाळ बसत बसत निखाऱ्यावर येतो. म्हणून जे भडकतं, उसळतं, गाजतं ते सगळं ‘डाय डाउन’ होतं: आग, वारा, टाळ्या, गलका, अफवा, वाद, उत्साह. ‘व्हेन द अप्लॉज डाइड डाउन’, टाळ्यांचा कडकडाट थांबल्यावर. यात एक व्याकरणाची मेख आहे आणि तीही मराठीतून चटकन कळते. आपण ताप उतरवतो, आग विझवतो, दुःख शमवतो. पण पूर कोणी ‘ओसरवत’ नाही. ओसरणं हे आपलं आपण होतं. ‘डाय डाउन’ तसंच आहे. ‘द पोलीस डाइड डाउन द नॉइज’ असं होत नाही. ‘वेअर ऑफ’, ‘लेट अप’, ‘ब्लो ओव्हर’ (वादळ किंवा वाद निवळून जाणं) हेही त्याच जातीचे, यांना करणारा कोणी लागत नाही. उलट ‘टोन डाउन’ (सूर सौम्य करणं), ‘वॉटर डाउन’ (धार बोथट करणं), ‘प्ले डाउन’ (महत्त्व कमी करून दाखवणं) यांना करणारा हवाच. ‘स्लो डाउन’ आणि ‘काम डाउन’ दोन्हीकडे चालतात: गाडी स्लो डाउन होते, आणि तुम्ही ती स्लो डाउन करताही.

‘डाय’चं बाकीचं कुटुंब याच्यात मिसळू नका. ‘डाय आउट’ म्हणजे वंश खुंटणं, प्रथा लोप पावणं. भारतातला चित्ता असा संपला, १९५२मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. तिथे ‘डाय डाउन’ म्हटलं तर चित्ते जरा शांत झाले असा काहीतरी अर्थ होईल. ‘डाय अवे’ आवाजाला लागतं, देवळातल्या घंटेचा नाद हवेत विरत जातो तसं. ‘डाय ऑफ’ म्हणजे एकेक करत मरत जाणं.

मागचा छोटा शब्द कसा लक्षात ठेवायचा, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. थोडीफार संगती आहे. ‘डाउन’मध्ये बसण्याची, खाली येण्याची भावना असते. ‘ऑफ’मध्ये सुटण्याची, निसटण्याची. ‘अवे’मध्ये लांब लांब जाण्याची. ‘आउट’मध्ये पार संपेपर्यंत जाण्याची. आपल्याकडे हे काम दुसरं क्रियापद करतं: उतरत गेला, उतरून गेला, उतरून बसला, यात ‘उतर’ तेच असलं तरी प्रत्येकाची चाल वेगळी आहे. पण या संगतीवर फार विसंबू नका. ‘स्लो डाउन’ आणि ‘स्लो अप’ या दोन्हींचा अर्थ गती कमी करणं हाच होतो. दिशा उलट, अर्थ एक. यावर विद्यार्थी चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. मी त्यांना ‘बसणे’ची आठवण करून देतो. धूळ बसली म्हणजे बरं झालं, धंदा बसला म्हणजे वाट लागली, आणि ‘आवाज बसला’ म्हणजे गलका थांबला असं नव्हे तर गुळण्या करा. मराठी शिकणाऱ्या एखाद्या जपानी माणसाला आपण याचं कारण सांगू शकू का?

‘आउट’वाल्यांमध्ये दोन मजेदार आहेत. ‘पीटर आउट’ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या खाणींमधून वर आलं. धातूची शीर खणत जावं आणि ती पातळ होत होत दगडात नाहीशी व्हावी, तसं. आपल्या विहिरीचा झरा आटतो, चळवळ विरते, पायवाट रानात हरवते, तिथे हे चालतं. दुसरं ‘फिझल आउट’: मोठा गाजावाजा करून सुरू झालेली गोष्ट फुस्स होणं. आपण ‘फुसका बार’ म्हणतो. आता गंमत अशी की ‘फिझल’चा जुना अर्थ आवाज न करता वारा सोडणं हा होता, आणि आपल्या ‘फुसका’ची बहीण फुसकीही त्याच कामाची. हे वर्गात सांगितल्यावर पुढची पाच मिनिटं शिकवणं अशक्य होतं, पण ‘फिझल आउट’ पुन्हा कोणी विसरत नाही.

‘लेव्हल ऑफ’ तुमच्या यादीत आहे, पण ते तिथे असायलाच नको होतं. त्यात कमी होणं नाहीच. ऑगस्ट २०१९चा महापूर तुम्हीही पाहिलाय. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७च्या पुढे गेलं. सगळं गाव तासातासाला आकडे विचारत होतं. एक वेळ अशी आली की आकडा वाढायचा थांबला, पण पाणी एक इंचही उतरलं नव्हतं. ‘पाणी स्थिर आहे’ असे निरोप फिरत होते. ते ‘लेव्हल ऑफ’. मग इंच इंच उतरायला लागलं ते ‘गो डाउन’, आणि वर्तमानपत्री भाषेत ‘रिसीड’. कोविडच्या बातम्यांतही ‘केसेस हॅव लेव्हल्ड ऑफ’ ऐकून लोकांना वाटायचं की साथ ओसरली. साथ तिथेच होती, चढायची तेवढी थांबली होती. पेशंटचा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, ‘लेव्हल्ड ऑफ’ झाला असं ऐकलंत तर नातेवाइकांना ‘आता कमी आहे’ असं सांगू नका.

‘वाइंड डाउन’चा उच्चार आधी नीट करा. वारा म्हणजे ‘विंड’, आणि हे ‘वाइंड’, किल्ली देण्याचं. जुन्या घड्याळाची किल्ली उलगडत जाते आणि लंबक मंद होतो. दिवसभराच्या धावपळीनंतर झोपण्याआधी माणूस ‘वाइंड डाउन’ होतो, आणि एखादा उद्योग गाशा गुंडाळायच्या बेतात असेल तर तोही. याच्या उलट ‘वाइंड अप’, आणि तिथे भारतीय इंग्रजी फसवतं. आपण ‘लेट्स वाइंड अप’ म्हणजे आवरतं घेऊया या अर्थाने सर्रास म्हणतो. कंपनी कायद्यातही कंपनी मोडीत काढण्याला ‘वाइंडिंग अप’च म्हणतात, आणि हे दोन्ही ब्रिटनमध्ये चालतात. पण तिथे ‘ही इज वाइंडिंग यू अप’ म्हणजे तो तुझी फिरकी घेतोय, मुद्दाम चिडवतोय. वॉर्डात एखादा म्हातारा पेशंट डोळा मारून हे म्हणाला तर कोण काय आवरतंय ते शोधत बसू नका. असाच दुसरा सापळा ‘गो स्लो’. आपल्याकडे ती रस्त्यावरची पाटी आहे, ब्रिटनमध्ये ‘गो-स्लो’ हा कामगारांच्या आंदोलनाचा प्रकार, मुद्दाम रेंगाळत काम करण्याचा.

रागाच्या बाबतीत शब्द अनेक आहेत, त्यातले दोनच सांगतो. ‘कूल ऑफ’ म्हणजे डोकं थंड होऊ देणं, वेळ जाऊ देणं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बी प्रमाणे जो सहा महिन्यांचा अवधी असतो त्याला कोर्टातले लोक ‘कूलिंग-ऑफ पीरियड’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं की योग्य प्रकरणात हा अवधी माफ करता येतो. ‘सिमर डाउन’मध्ये रटरटणाऱ्या भांड्याखालची आच मंद करण्याचं चित्र आहे. ऐकायला गोड वाटतं, पण मोठ्या माणसाला म्हणू नका. ते लहान मुलांना दटावताना म्हणतात. ‘सेटल डाउन’ही मास्तर वर्गाला म्हणतो. आपल्याकडे त्यातला ‘सेटल’ तेवढा उरलाय आणि तो नोकरी, फ्लॅट, लग्न या तीन अटी पूर्ण झाल्याशिवाय कोणाला लागत नाही.

आता बोलण्यात काय आणि लिहिण्यात काय, कारण तुमच्या परीक्षेत दोन्ही आहे. बोलण्याच्या भागात तुम्ही परिचारिका आणि समोरचा पेशंट किंवा नातेवाईक असे दोन प्रसंग वठवायचे असतात. लिहिण्याच्या भागात टिपणांवरून पत्र लिहायचं, बहुधा दुसऱ्या डॉक्टरला किंवा संस्थेला. आपल्या शाळांनी आपल्याला पत्रातलं इंग्रजी आधी शिकवलं: ‘सबसाइड’, ‘डिमिनिश’, ‘अबेट’. त्यामुळे आपल्याकडच्या हुशार मुली सत्तर वर्षांच्या आजीबाईंना विचारतात, “हॅज युअर पेन सबसायडेड?” चूक काहीच नाही, पण हे म्हणजे आपल्याकडे पेशंटला ‘आपल्या वेदनांचे शमन झाले काय?’ असं विचारण्यासारखं आहे. आजीबाईंना विचारायचं, “हॅज द पेन ईझ्ड ऑफ अ बिट?” आणि पत्रात लिहायचं, ‘द पेन सबसायडेड’. सूज बोलताना ‘गॉन डाउन’, पत्रात ‘रिड्यूस्ड’ किंवा ‘सबसायडेड’. ‘टेपर’ला मात्र दोन्हीकडे मुक्तद्वार आहे. डॉक्टर लिहितातही तेच आणि बोलतातही तेच.

उच्चाराची एक गोष्ट राहिली. यात जोर मागच्या शब्दावर पडतो. ‘इट डाइड डाउन’ म्हणताना ‘डाउन’ ठळक, ‘इट वोर ऑफ’मध्ये ‘ऑफ’ ठळक. आपण क्रियापद ठासून म्हणतो आणि मागचा शब्द गिळतो, मग ऐकणाऱ्याला ‘इट डाइड’ एवढंच पोचतं. दवाखान्यात हे बरं नाही. नाम झालं की उलट होतं: ‘स्लोडाउन’, ‘लेट-अप’ यात पहिला भाग ठळक.

आता तुमची पाच वाक्यं.

‘द स्वेलिंग हॅज डाइड डाउन.’ याला चूक म्हणणार नाही, कोणी कोणी असं म्हणतंही. पण वॉर्डातली इंग्रज परिचारिका ‘गॉन डाउन’ म्हणेल, तुम्हीही तेच म्हणा.

‘हिज फीव्हर वोर ऑफ.’ बदला. ताप हा कशाचा डोस नाही की त्याचा अंमल संपावा. ‘हिज टेम्परेचर केम डाउन.’ पॅरासिटामॉलचा परिणाम ‘वोर ऑफ’ झाला असेल, तर ताप उलट चढेल.

‘द डॉक्टर टेपर्ड ऑफ द पेशंट.’ यावर मी मनापासून हसलो, माफ करा. डॉक्टरांनी पेशंटलाच निमुळता करत आणला असं झालंय. ‘द डॉक्टर टेपर्ड ऑफ द स्टिरॉइड’, किंवा पेशंट हवाच असेल तर ‘टेपर्ड द पेशंट ऑफ स्टिरॉइड्स’. मधली जागा सांभाळा.

‘इट इज स्टिल रेनिंग अँड नॉट लेटिंग डाउन.’ उघडीप आठवा. ‘लेटिंग अप’.

‘प्लीज काम डाउन, युअर सन इज फाइन.’ व्याकरण शंभर टक्के बरोबर. पण घाबरलेल्या आईला ‘काम डाउन’ म्हटलं की ती आणखी भडकते, इंग्रजीतही आणि ‘शांत व्हा’ म्हणून मराठीतही. परीक्षेत त्या आईचं काम करणारी व्यक्ती मुद्दाम आवाज चढवेल, त्यासाठी तयार राहा. क्रम फिरवा. मुलगा बरा आहे हे आधी सांगा, खुर्ची पुढे करा, आणि पुढचं वाक्य ‘आय कॅन सी यू आर वरीड’ एवढंच ठेवा. ‘काम डाउन’ हे दोन शब्द वाक्यातून काढूनच टाका.